तुग्यानीचा हिशेब

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत ‘तुग्यानी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उर्दूत तुग्यानी म्हणजे पूर. पण आपल्याकडच्या आजी-पणज्यांच्या बोलण्यात त्याचा अर्थ एकच असे, तो म्हणजे २८ सप्टेंबर १९०८ रोजी आलेला मुसी नदीचा महापूर. अमका तुग्यानीच्या आधी जन्मला, तमक्यांचा वाडा तुग्यानीत गेला, अशी काळाची मोजणी या शहरात पुष्कळ वर्षे चालत आली. त्या पुरात किती माणसे गेली, कोण कसे वाचले, याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. त्या पुराची किंमत किती होती, ती कोणी भरली आणि त्यानंतरच्या वादळांनी आपल्याकडून किती वसूल केले, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडून पाहावा, असे आम्ही ठरवले.

समुद्र दूर, पण वादळाची वाट जवळ

पहिला प्रश्न असा की, समुद्रापासून अडीच-तीनशे किलोमीटर आत वसलेल्या शहराचा वादळाशी संबंध काय? बंगालच्या उपसागरात उठलेले चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळते तेव्हा वाऱ्याचा जोर तेथेच ओसरू लागतो. पण वादळाने समुद्रावरून उचललेले पाणी संपलेले नसते. वारा निवलेले ते वादळ कमी दाबाचे क्षेत्र होऊन दख्खनच्या पठारावर चढते आणि पाणी ओतत पश्चिमेकडे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांना वादळ वाऱ्याच्या आणि लाटेच्या रूपात भेटते, आपल्याला ते पावसाच्या रूपात भेटते.

गोवळकोंड्याच्या राज्याला वादळाची पहिली ओळख मछलीपट्टणमुळे झाली असणार. कुतुबशाहीचे ते मोठे बंदर. तेथून कापड जगभर जाई. पुढे १ नोव्हेंबर १८६४ च्या चक्रीवादळात समुद्राची लाट त्या गावात शिरली आणि सुमारे तीस हजार माणसे दगावली. बंदराचा व्यापार आधीच उतरणीला लागलेला होता, त्यात हा घाव बसला. वादळाची किंमत एका दिवसात चुकती होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. कोठारे पुन्हा बांधता येतात. पण दुसऱ्या बंदराकडे वळलेला व्यापारी परत येईलच असे नाही, आणि ते नुकसान कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

१९०८ : माणसे मोजली, पाणीही मोजले

सप्टेंबर १९०८ च्या शेवटच्या आठवड्यात असेच एक वादळ उपसागरातून आत आले. मुसीच्या वरच्या खोऱ्यात पावसाने कहर केला. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत जवळपास १९ इंच पाऊस पडला. त्या काळी मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते. शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही साखळी अशी की, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात यावे. त्या रात्री साखळीचा हाच गुण घातक ठरला. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे आणि तोही फुटे. असे २२१ तलाव फुटले. पाऊस आणि फुटलेल्या तलावांचे पाणी मिळून शहराजवळ मुसीचा प्रवाह सेकंदाला सव्वाचार लाख घनफुटांपर्यंत गेला, असा हिशेब पुढे काढण्यात आला.

अफझल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाटचा पूल यांची वाताहत झाली. १५७८ साली बांधलेला पुरानापूल तेवढा तग धरून राहिला. अफझलगंजचा दवाखाना वाहून गेला. त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. उस्मानिया दवाखान्याच्या बागेतील ते झाड आजही दाखवले जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेल्या. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे पंधरा हजार सांगितला जातो. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे साडेचार लाख होती, म्हणजे दर तीस माणसांमागे एक गेला.

नदीच्या दोन्ही काठांवर तेव्हा मराठी घरे होती. शालिबंडा आणि चादरघाट या दोन ठिकाणी १८९५ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांपैकी चादरघाट तर नदीलाच खेटून. त्या घरांतून काय काय गेले असेल याची कल्पना आपणच करावी. धान्य, भांडीकुंडी, दागिने तर गेलेच, पण त्याबरोबर इनामांच्या सनदा, गहाणखते, कुळांच्या वह्या, मोडीत लिहिलेली दप्तरेही गेली. ज्यांची जमीन मराठवाड्यात आणि कागद अफझलगंजात, त्यांचा एका रात्रीत पुरावाच बुडाला.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी वाड्यांचे दरवाजे पूरग्रस्तांसाठी उघडले, अन्नछत्रे चालली. हे सर्व गौरवाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते त्या सरकारचे मोठे काम पुढे झाले. ते म्हणजे नुकसानीचा हिशेब झाल्यावर पाण्याचाही हिशेब करून घेणे. १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. विश्वेश्वरय्या म्हटले की आपल्या मनात म्हैसूर येते, पण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे आणि उमेदीतली नोकरी मुंबई इलाख्यातली. नाशिक, धुळे, पुणे या भागांत त्यांनी काम केले आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्यांनी खोऱ्यातला पाऊस, तलाव, नदीची पात्रे यांची मोजदाद करून १ ऑक्टोबर १९०९ रोजी अहवाल दिला. शहरात तटबंदी वाढवून भागणार नाही, पूर शहराच्या वरच्या अंगालाच अडवावा लागेल, हे त्यांचे मुख्य म्हणणे.

त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे उभी राहिली. या कामांत नवाब अली नवाज जंग यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्मदिवस, ११ जुलै, तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. नदीकाठची दाटीची वस्ती हलवून रस्ते, बागा, घाट करण्यात आले. उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया दवाखाना या आजच्या देखण्या इमारती त्या काठावर उभ्या राहिल्या, त्याही तुग्यानीनंतरच्याच.

पुराची भीती होती म्हणून हा खर्च मंजूर झाला. पण धरणांनी शहराला अनेक दशके पिण्याचे पाणीही दिले. आधी केलेला खर्च दुहेरी फळ देतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आपल्या शहरात तरी नाही.

रुपया एकच नसतो

आता रुपयांकडे वळू. जुन्या नुकसानीचे आकडे वाचताना पहिली अडचण चलनाची येते. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानात कलदार. सुमारे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे १०० रुपये कलदार, हा भाव जुन्या मंडळींना तोंडपाठ असे. म्हणजे एकच घर पडले तरी मुंबईच्या वहीत त्याची किंमत एक आणि हैदराबादच्या वहीत दुसरी.

दुसरी अडचण महागाईची. ती सर्वांना कळते. तिसरी अडचण मात्र पटकन लक्षात येत नाही. वादळ आज आले तर त्याच्या वाटेत आज काय उभे आहे, हा तो प्रश्न. १९०८ च्या घरात तांब्या-पितळेची भांडी, लाकडी पेट्या आणि कणग्या होत्या. आजच्या घरात फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि तळघरात दोन गाड्या आहेत. पाणी तेवढेच चढले तरी बिल तेवढेच येत नाही.

सचिवालयातली बिले

१९५६ ते २०१४ या काळात आंध्र किनाऱ्यावरच्या प्रत्येक वादळाची नुकसानीची फाईल हैदराबादच्या सचिवालयात येत असे. वादळ दिवीसीमेत, पण त्याचा तक्ता येथे बनायचा. या तक्त्यांतले तीन-चार मोठे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते.

१९ नोव्हेंबर १९७७ ला दिवीसीमेच्या वादळात सरकारी आकड्यांनुसार सुमारे दहा हजार माणसे गेली. समुद्राच्या लाटेने गावेच्या गावे पुसली. नुकसानीचा अंदाज होता सुमारे १७२ कोटी रुपये. मे १९९० मध्ये जवळपास त्याच ताकदीचे वादळ त्याच किनाऱ्यावर आले. या वेळी मृतांची संख्या एक हजाराच्या आत राहिली, पण नुकसान दोन हजार कोटींच्या वर गेले. ६ नोव्हेंबर १९९६ ला कोनसीमेवर आलेल्या वादळात सरकारी आकड्यांनुसार १,०७७ माणसे गेली आणि नुकसान सहा हजार कोटींच्या पुढे गेले. राज्याचे विभाजन होऊन चार महिने झाले होते, तेव्हा १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुडहुड’ विशाखापट्टणमवर आदळले. माणसे शंभराच्या आत गेली आणि आंध्र सरकारने नुकसानीचा आकडा दिला सुमारे २१,९०० कोटी.

दहा हजार माणसे आणि १७२ कोटी, शंभराच्या आत माणसे आणि २१,९०० कोटी. या दोन टोकांमध्ये ३७ वर्षे आहेत.

माणसांचा आकडा खाली का आला, याचे उत्तर समाधान देणारे आहे. १९७७ नंतर किनाऱ्यावर वादळ-निवारे बांधले गेले, रडार आले, इन्सॅट उपग्रह आले, इशारा गावापर्यंत पोचवण्याची व्यवस्था झाली. १९९० साली सहा लाखांहून अधिक लोकांना वेळेवर हलवण्यात आले. वीस-पंचवीस वर्षांत सरकारी यंत्रणेने एखादी गोष्ट निर्विवाद चांगली केली असेल, तर ती ही. तलाठी, मंडल अधिकारी, पोलीस शिपाई, लाइनमन अशा हजारो अनामिक माणसांचे ते काम आहे.

रुपयांचा आकडा वर का गेला, हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. वादळे जास्त भयंकर झाली म्हणून, असे उत्तर चटकन दिले जाते. ते पुरते बरोबर नाही.

अमेरिकेतला आणि आंध्रातला हिशेब

अमेरिकेत चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. तेथे १९२६ साली मायामी शहरावर मोठे हरिकेन आले. त्या वेळचे नुकसान होते सुमारे साडेदहा कोटी डॉलर. १९९२ साली त्याच फ्लोरिडात आलेल्या ‘अँड्र्यू’ने अडीच हजार कोटी डॉलरहून अधिक नुकसान केले. वरवर पाहता ‘अँड्र्यू’ शेकडो पटींनी भयंकर. पण १९९८ मध्ये पिएल्के आणि लँडसी या दोन अभ्यासकांनी वेगळा हिशेब मांडला. जुन्या नुकसानीला त्यांनी तीन गोष्टींनी गुणले : वाढलेली महागाई, वाढलेली संपत्ती आणि त्या किनाऱ्यावर वाढलेली वस्ती. १९२६ चेच वादळ १९९५ च्या मायामीवर आले असते तर काय झाले असते? उत्तर आले सात हजार कोटी डॉलरहून जास्त. म्हणजे १९२६ चे वादळ खरे तर ‘अँड्र्यू’पेक्षा मोठे होते. त्याच्या वाटेत तेव्हा फारसे काही उभे नव्हते, एवढेच.

हीच रीत आपल्या किनाऱ्यालाही लावून पाहण्यात आली. २००३ साली एस. राघवन आणि एस. राजेश यांचा आंध्र प्रदेशातील वादळांवरचा अभ्यास अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की, अभ्यासलेल्या काळात आंध्र किनाऱ्यावर येणाऱ्या वादळांची संख्या किंवा ताकद वाढत गेल्याचे दिसत नाही. वाढलेल्या नुकसानीमागे मुख्यतः वाढलेली वस्ती आणि वाढलेली मालमत्ता आहे.

साधा ताळा करून पाहा. १९७७ ते १९९६ या काळात महागाई ढोबळमानाने पाचपट झाली. म्हणजे १७२ कोटींचे १९९६ च्या भावाने साडेआठशे-नऊशे कोटी होतात. प्रत्यक्ष आकडा सहा हजार कोटींचा आला. म्हणजे महागाई वगळूनही जवळपास सातपट. या सातपटीत कोनसीमेच्या नारळीबागा आहेत, कोळंबीची तळी आहेत, विजेचे खांब आहेत, पक्की घरे आहेत. शिवाय मोजदाद जास्त बारकाईने होऊ लागली, हेही आहे. पूर्वी पंचनाम्यात जे येतच नसे ते आता येते. आणि मदत आकड्यावर अवलंबून असते, म्हणून अंदाज करताना हात थोडा सैल सुटतो, हेही सरकारी कामकाज जवळून पाहणाऱ्यांना माहीत असते.

याचा अर्थ हवामान बदलाची भीती खोटी आहे, असा कोणी घेऊ नये. तो अभ्यास विसाव्या शतकाअखेरपर्यंतच्या वादळांचा होता. हवा एक अंश तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे विज्ञान पक्के आहे, आणि ती वाफ पावसाच्या रूपाने परत येते. आमचे म्हणणे इतकेच आहे की, बिलाचा एक भाग आभाळ लिहिते आणि दुसरा भाग आपण लिहितो. आभाळाच्या लेखणीवर आपला ताबा नाही. आपल्या लेखणीवर आहे.

पूर आता नदीतून येत नाही

पुन्हा हैदराबादकडे येऊ. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांनी मुसीचा वरचा पूर बऱ्याच अंशी आवरला. पण २४ ऑगस्ट २००० रोजी उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने शहरावर एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस पाडला. तेव्हा नुकसान मुख्यतः शहराच्या पोटात पडलेल्या पावसाने आणि तुंबलेल्या नाल्यांनी केले. त्यानंतर नाल्यांची पाहणी करण्याचे काम किर्लोस्कर सल्लागार संस्थेकडे गेले. २००३ च्या अहवालात नाले रुंद करा, अडथळे काढा, असे सांगितले गेले. पुढे वीस वर्षे प्रत्येक पुरानंतर त्या अहवालाची आठवण निघत राहिली.

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र शहरावरून गेले. घटकेसरला ३२ सेंटिमीटर पाऊस झाला. जुन्या शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु या तलावांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्या बुडाल्या. १९०८ सालचीच साखळी, फक्त मधले तलाव नाहीसे झालेले. त्यांच्या जागी घरे आली होती. राज्य सरकारने नुकसानीचा प्राथमिक अंदाज पाच हजार कोटींचा दिला, केंद्राकडे तातडीचे १,३५० कोटी मागितले आणि बाधित कुटुंबांना घरटी दहा हजार रुपये देण्याचे जाहीर केले.

तेच क्षेत्र दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात शिरले. सोलापूर, पंढरपूर, पुणे भिजून निघाले आणि चंद्रभागेच्या घाटावर भिंत कोसळून माणसे गेली. आपण इथून फोन करून नातेवाइकांची चौकशी करत होतो आणि ते तिथून आपली. महाराष्ट्र सरकारने त्या महिन्यात अतिवृष्टीसाठी दहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. एकाच वादळाची दोन राज्यांत दोन बिले फाटली. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्या झोपवल्या होत्या. नारळ-सुपारीची वाडी पडली की त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण नवे झाड फळाला येईपर्यंतची सगळी वर्षे जातात. कोनसीमेच्या शेतकऱ्याला हे १९९६ साली कळले होते, कोकणातल्या वाडीवाल्याला २०२० साली कळले.

आणि नदीनेही आपले अस्तित्व दाखवायचे सोडलेले नाही. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात धरणांचे दरवाजे उघडल्यावर गौळीगुड्याच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले आणि प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तुग्यानीला त्याच आठवड्यात ११७ वर्षे होत होती.

येथे एक छोटे गणित करण्याजोगे आहे. दोन्ही धरणांची साठवण मिळून सुमारे ६.९ टीएमसी, म्हणजे ६९० कोटी घनफूट. १९०८ चा कमाल प्रवाह सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट. भागाकार केला तर साडेचार तास येतात. दोन्ही धरणे रिकामी असली तरी तो लोंढा ती केवळ साडेचार तास पूर्ण थोपवू शकतील. आणि पावसाळ्याच्या शेवटी, जेव्हा वादळे येतात, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी ती भरलेली असतात. म्हणून धरणांइतकेच त्यांच्या वरचे खोरे आणि खालचे पात्र मोकळे असणे महत्त्वाचे आहे. ८ मार्च १९९६ च्या शासकीय आदेश क्रमांक १११ ने दोन्ही जलाशयांच्या परिसरातील ८४ गावांत बांधकामांवर निर्बंध घातले होते, आणि एप्रिल २०२२ मध्ये ते उठवण्याचा आदेश निघाला. त्या गावांतल्या शेतकऱ्यांची बाजूही आहे, पर्यावरणवाद्यांचीही आहे. आम्ही त्या वादात शिरत नाही. पण तेथे जे जे उभे राहील, ते पुढच्या तुग्यानीच्या बिलात जमा होणार आहे, एवढे गणित कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही.

पंचनाम्यात न येणारे

बिलाची आणखी एक बाजू आहे. सरकारी नियमांत मृत्यूसाठी चार लाख, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घरासाठी एक लाख वीस हजार, कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येकी अडीच हजार, असे दर ठरलेले आहेत. दर ठरवावेच लागतात, त्याशिवाय मदत वाटता येत नाही. पण ज्याच्या नावावर घर नाही त्या भाडेकरूचे काय, आठ दिवस बुडालेल्या मजुरीचे काय, ओल्या झालेल्या प्रमाणपत्रांचे काय, हे रकान्यात बसत नाही. २१,९०० कोटींच्या ‘हुडहुड’साठी केंद्राने लगेच जाहीर केलेली मदत एक हजार कोटींची होती. नुकसान आणि भरपाई यांच्यामधले अंतर नेहमीच ज्याचे त्याने भरायचे असते. दागिने मोडून, मुलीचे शिक्षण थांबवून, सावकाराकडून उचल घेऊन. वादळाच्या खर्चाचा मोठा हिस्सा असा घराघरांत फेडला जातो आणि तो कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. १९०८ साली ज्यांची दप्तरे बुडाली त्यांनी तो तसाच फेडला असणार.

म्हणूनच १९०८ नंतरच्या त्या निर्णयाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. त्या पिढीने पंधरा हजार माणसे गमावल्यावर विचारले की, पाणी आले कुठून, गेले कुठून आणि पुढच्या वेळी त्याला जागा कुठे द्यायची? उत्तर मिळाल्यावर त्यासाठी पैसे काढले आणि पहिले धरण पुरे व्हायला बारा वर्षे, दुसरे व्हायला एकोणीस वर्षे लागली तरी काम सोडले नाही. आपण त्या खर्चाचे व्याज शंभर वर्षे खाल्ले. मधल्या काळात मात्र मुद्दल मोडत गेलो. माँ साहिबा तलावाचे नाव ‘मासब टँक’ म्हणून बसच्या पाटीवर उरले आणि तलावाकट्ट्याला तलाव राहिला नाही. शहरात कितीतरी वसाहतींच्या नावांत ‘कुंटा’ आणि ‘चेरुवु’ आहेत, पण तिथे पाणी फक्त पुराच्या रात्री येते.

आपण मराठी मंडळी या शहरात पाहुणे नाही. आपली घरे, शाळा, ग्रंथालये, मंडळे येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. तेव्हा शहराच्या हिशेबात आपलाही वाटा आहे. तो वाटा फार मोठ्या शौर्याचा नाही. घर किंवा प्लॉट घेताना जमीन शिकम आहे का, तलावाच्या पूर्ण भरावाच्या रेषेच्या आत आहे का, हे तहसीलच्या नकाशावर आधी पाहावे. सोसायटीच्या मागचा नाला बुजवून पार्किंग करण्याचा ठराव आला तर एक हात विरोधात वर करावा. घराचा आणि घरातील वस्तूंचा विमा उतरवावा. सनदा, दस्त, प्रमाणपत्रे यांच्या नकला दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवाव्यात. आणि ज्या घरांत तुग्यानीच्या आठवणी, पत्रे, वह्या अजून असतील, त्यांनी त्या मंडळाकडे उतरवून द्याव्यात, कारण त्या आठवणी सांगणारी शेवटची पिढी आता फार थकली आहे.

दरवर्षी आपण मातीची मूर्ती आणतो, दहा दिवस पूजतो आणि पाण्याला परत देतो. पाण्याचे जे आहे ते पाण्याला द्यावे, हा व्यवहार आपल्याला शिकवावा लागत नाही. तलावाची जागा आणि नाल्याची वाट यांनाही तोच व्यवहार लागू केला, तर विघ्नहर्त्याकडे मागायचे एक मागणे कमी होईल.

गणपती बाप्पा मोरया!